जर्मन येत नाही, तरी जर्मनीत नोकरी आणि बस्तान? अनुभव सांगा

खिडकीसीट
नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय तर सांभाळून घ्या. मी बॅकएंड डेव्हलपर, जावा आणि थोडं क्लाउड, वय ३४, आठेक वर्षांचा अनुभव, सध्याच्या कंपनीत बरं चाललंय पण गेलं वर्षभर जर्मनी डोक्यात बसलंय. नवरा फिजिओथेरपिस्ट आहे, मुलगी पाच वर्षांची. घरात कुणालाच जर्मनचा ओ की ठो कळत नाही.

ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. टीममधला एकजण तिथे राहून आलाय, तो म्हणतो इंग्रजीवर सगळं निभतं, उगाच घाबरू नकोस. मैत्रीण म्हणते बी१ (भाषेच्या ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत्या पातळ्या असतात, त्यातली तिसरी) झाल्याशिवाय विमानात पाय ठेवू नकोस, रडत परत येशील. आता यातलं खरं काय? नोकरी सोडून वर्षभर जर्मन शिकत बसू का? की ते शांसेनकार्टे (नोकरी शोधण्यासाठीचा पॉइंटवर मिळणारा व्हिसा) काढून तिथे जाऊन नोकरी शोधू? की इथूनच अर्ज टाकत राहू? आणि नोकरी मिळालीच तर पुढे भाषा न येता माणूस तिथे रुळतो, की नुसता राहतो? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा. ऐकीव नको, ऐकीव माझ्याकडे भरपूर आहे.

अडीचघर
बर्लिनला जा. संपला धागा.

चष्मेबहाद्दर
अडीचघर, इतक्यात नाही संपणार.

खिडकीसीट, आधी व्हिसा आणि नोकरी हे दोन वेगळे प्रश्न करून टाका, लोक नेहमी त्यांची खिचडी करतात. व्हिसापुरतं बोलायचं तर ब्लू कार्डाला (नोकरीची ऑफर असलेल्या पदवीधरांचा परवाना) जर्मन लागतच नाही. डिग्री मान्यताप्राप्त हवी (अनाबिन नावाचा सरकारी डेटाबेस आहे त्यात आपलं विद्यापीठ आणि डिग्री शोधायची, नसेल तर पैसे भरून मूल्यांकन करून घ्यायचं) आणि पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर हवा. २०२५ साली ती मर्यादा वर्षाला ४८,३०० युरो होती, आणि आयटीसारख्या ज्या क्षेत्रात माणसं कमी आहेत तिथे ४३,७५९ च्या आसपास. दरवर्षी बदलते, त्यामुळे अर्ज करताना त्या वर्षीचा आकडा बघा. आठ वर्षं अनुभव असलेल्या डेव्हलपरला हा आकडा अवघड नाही.

शांसेनकार्टे १ जून २०२४ पासून सुरू झालं. त्यात सहा पॉइंट लागतात. तुमचे मोजून बघतो: वय ३५ च्या आत म्हणून २, गेल्या सात वर्षांतला पाच वर्षांचा अनुभव म्हणून ३, क्षेत्र टंचाईतलं म्हणून १, इंग्रजी सी१ चं सर्टिफिकेट असेल तर अजून १. म्हणजे जर्मनचा एक शब्द न येता तुम्ही बसता त्यात. मूळ अट जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२, दोन्हींपैकी एक, एवढीच आहे. पण बसता म्हणून काढावंच असं नाही. वर्षभराचा खर्च दाखवावा लागतो, २०२५ मध्ये महिन्याला १,०९१ युरोप्रमाणे, म्हणजे तेरा हजारांच्या वर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येतात असं खातं), आणि त्या काळात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. हातात बरी नोकरी असताना ती सोडून, पाच वर्षांचं मूल मागे ठेवून हा जुगार कशाला? आहात तिथून अर्ज टाका, ऑफर आली की ब्लू कार्ड.

रुळण्याबद्दल उद्या लिहितो, ते मोठं प्रकरण आहे.

मधलीसुट्टी
वाचतेय. मलाही हाच प्रश्न होता, फक्त धागा काढायचा धीर नव्हता.

जुनाजाणता
लोक उगाच बाऊ करतात. मी दहा वर्षं होत आली म्युनिकमध्ये, माझं जर्मन 'गुड मॉर्निंग आणि बिल आणा' याच्या पुढे गेलेलं नाही. टीममध्ये निम्मे लोक बाहेरचे, मीटिंग इंग्रजीत, कोड इंग्रजीत, बॉस स्पॅनिश. बँक ऑनलाइन इंग्रजीत, डॉक्टर इंग्रजी बोलतात. परमनंट रेसिडेन्स सुद्धा झाली. ब्लू कार्डवाल्याला २७ महिन्यांनी मिळते आणि त्याला फक्त ए१ लागतं, ते तर पाठांतरावर होतं. ज्याला बी१ येतं त्याला २१ महिन्यांत मिळते, म्हणजे फरक किती तर सहा महिन्यांचा. त्यासाठी दोन वर्षं संध्याकाळी क्लासला कोण जाणार? तेवढ्या वेळात मी दोन सर्टिफिकेशन केली आणि पगार वाढवून घेतला.

रेघ
जुनाजाणता, एकच प्रश्न. घरी येणारी पत्रं कोण वाचतं?

जुनाजाणता
बायको. तिने बी२ केलंय.

अडीचघर
म्हणजे घरात जर्मन येतं, फक्त तुम्हाला येत नाही. ठ्ठो!

रेघ
हसू नका, बहुतेक घरांत हेच आहे. मी अशीच 'सोबत आलेली' बायको, त्यामुळे माझ्या बाजूने लिहिते. (लांबणार आहे, चहा घेऊन बसा.)

ज्याला नोकरी लागते त्याला कंपनी सांभाळते. एचआर व्हिसाचं बघतं, रिलोकेशनवाला माणूस घर दाखवतो, दिवसभर इंग्रजी बोलणारी माणसं भोवती असतात. सोबत आलेल्याच्या वाट्याला उरलेला सगळा देश येतो. दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्याला घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, मग पोस्टाने टॅक्स नंबर येतो, मग हेल्थ इन्शुरन्स, मग मुलांच्या डॉक्टरकडे फोन करून अपॉइंटमेंट. सरकारी कामकाजाची भाषा कायद्यानेच जर्मन आहे. एखादा कर्मचारी इंग्रजी बोलला तर ती त्याची मेहरबानी समजायची, हक्क नाही.

आणि पत्रं! या देशात सगळं अजून पत्राने येतं. पत्ता नोंदवला की काही दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही असो वा नसो. किती जणांनी ती जाहिरात समजून रद्दीत टाकलीय विचारू नका, मग दंड लागून येतो. त्याहून गंभीर म्हणजे पिवळा लिफाफा. पोस्टमन त्यावर तारीख लिहून पेटीत टाकून जातो आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही उघडा न उघडा. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला जुन्या जिमच्या थकबाकीवरून कोर्टाचं तसं पत्र आलं, आक्षेप घ्यायला दोन आठवडे असतात, हा सुट्टीवरून आल्यावर निवांत ट्रान्सलेट करत बसला. तोवर मुदत संपलेली. जिमने जी रक्कम लावली होती ती चुकीची होती, पण आता ते सिद्ध करायचा रस्ताच लांबचा झाला.

त्यामुळे जुनाजाणता म्हणतात ते खोटं नाही, फक्त अर्धं आहे. भाषेचं बिल घरात कुणीतरी एक भरतंच.

जुनाजाणता
मान्य. पण बायकोला आवड होती भाषेची, मी जबरदस्ती नाही केली. हे नोंदवून ठेवतो, ती पण वाचते इथे.

तळ्यातमळ्यात
मला कळत नाही २०१० चे सल्ले आता कशाला. भाषांतराला डीपएल आहे, फोनचा कॅमेरा धरला की पत्र वाचून होतं, एआयला सांगितलं की उत्तरही लिहून देतो, आता तर कानात घालायचे ट्रान्सलेटर आलेत. पाच वर्षांत भाषा शिकणं हा छंद राहील फक्त.

चष्मेबहाद्दर
तळ्यातमळ्यात, पत्रांपुरतं तुमचं बरोबर. मी स्वतः डीपएल वापरतो, आणि रेघ यांच्या त्या मित्राने पहिल्या दिवशी कॅमेरा धरला असता तर वाचला असता. पण ऑफिसात क्लायंटचा डाटा असलेलं डॉक्युमेंट बाहेरच्या ट्रान्सलेटरमध्ये टाकून बघा, संध्याकाळी सिक्युरिटीवाल्यांचा फोन येईल. आणि कॉफी मशीनपाशी चौघं उभे राहून पुढच्या तिमाहीत कुठला प्रोजेक्ट बंद होणार हे बोलत असतात, तिथे कानात यंत्र घालून 'जरा परत बोला' म्हणणार का?

कागदीहोडी
मी नर्स आहे, हेसेन राज्यात. आयटीवाल्यांचा धागा वाटतोय पण आमचंही ऐका.

आमच्याकडे 'भाषेशिवाय' हा पर्यायच नाही. परदेशी नर्सिंगच्या डिग्रीला मान्यता हवी तर साधारणपणे बी२ लागतं. बऱ्याच जणी बी१ वर येतात, मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून काम करतात, पगार कमी, आणि काम मात्र सगळं. डॉक्टरांना तर वेगळी वैद्यकीय भाषेची परीक्षा असते, ती सी१ च्या तोडीची.

पण सर्टिफिकेट हातात घेऊन वॉर्डमध्ये उभं राहिलं की कळतं परीक्षेतलं जर्मन आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांचं जर्मन यांचा संबंध लांबचा आहे. ते बोलीभाषेत बोलतात, दात काढून ठेवलेले असतात, आणि कुठे दुखतंय ते सांगताना लाजतात. शिफ्ट बदलताना रिपोर्टिंग असतं, दहा मिनिटांत पंधरा पेशंट, सगळं शॉर्टफॉर्ममध्ये. सुरुवातीला मी सगळं झाल्यावर एकेका सहकारणीला गाठून परत विचारायचे. एकीने वैतागून उत्तर द्यायचं बंद केलं, दुसरीने स्वतःच्या वहीत शॉर्टफॉर्मची यादी करून दिली. माणसं दोन्ही प्रकारची भेटतात. फोन घ्यायला मात्र मी कितीतरी महिने पुढे व्हायचे नाही, कारण फोनवर हातवारे चालत नाहीत.

सांगायचं एवढंच, की मला भाषा शिकायला 'वेळ मिळाला' नाही, कामानेच मानगूट धरून शिकवली. आज मी वॉर्डमध्ये भांडू शकते. आयटीत दहा वर्षं राहिलेल्या शेजाऱ्याला फार्मसीत माझी गरज लागते.

मधलीसुट्टी
कागदीहोडी, 'आज मी भांडू शकते' हे फार आवडलं.

अडीचघर
भांडता येणं हीच खरी सी१. जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटवाल्यांनी परीक्षेत घ्यायला हवं.

वारासुटलाय
नेदरलँड्सहून नोंदवतो. इथे उलटा त्रास आहे. तुम्ही डचमध्ये तोंड उघडलं की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो, इतकं चांगलं इंग्रजी की आपल्यालाच लाज वाटावी. नोकरी इंग्रजीवर, बँक इंग्रजीवर, नगरपालिकेत सुद्धा निभतं. त्यामुळे कुणी शिकतच नाही आणि मग पाच वर्षांनी कायमच्या परवान्यासाठी किंवा नागरिकत्वासाठी भाषेसकट ती एकात्मतेची परीक्षा समोर आली की पळापळ. ए२ च आहे तसं, पण पाच वर्षांत कधी वापरलीच नसेल तर ए२ सुद्धा डोंगर वाटतो.

आणि रुळण्याचं म्हणाल तर ऑफिसच्या पार्टीत माझ्यासाठी दहा मिनिटं सगळे इंग्रजी बोलतात, मग हळूहळू एक जोक डचमध्ये होतो, मग दुसरा, आणि नंतर मी हसणाऱ्या लोकांकडे बघून हसतो. त्यांचा दोष नाही. कुणीही आपल्या घरात किती वेळ पाहुण्याच्या भाषेत बोलणार.

उगवती
जपान. इंजिनिअरच्या व्हिसाला भाषेची सरसकट अट नाही, पण अर्ध्याहून जास्त नोकऱ्यांच्या जाहिरातीच जपानीत असतात, मग अट असली काय नि नसली काय. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेचा एन२ (एन५ सगळ्यात सोपी पातळी, एन१ सगळ्यात अवघड) असेल तर दारं उघडतात, हा माझा आणि माझ्या ओळखीतल्या सगळ्यांचा अनुभव. शिवाय उच्च कौशल्याच्या पॉइंट सिस्टीममध्ये एन२ ला १० आणि एन१ ला १५ पॉइंट मिळतात, आणि ८० पॉइंट झाले तर वर्षभरात परमनंट रेसिडेन्सीचा अर्ज टाकता येतो. म्हणजे सरकार सरळ सांगतंय, शिका, लवकर आत घेतो. २०१९ पासून जो कुशल कामगारांचा व्हिसा निघाला त्याला मात्र एन४ किंवा त्याच्या तोडीची परीक्षा लागते, आणि वृद्धांच्या सेवेच्या कामाला वर अजून एक भाषेची परीक्षा.

खिडकीसीट, तुमचा प्रश्न जर्मनीचा आहे हे माहितीये, अवांतराबद्दल क्षमस्व.

पाटीवरचाखडू
मला एक मूलभूत प्रश्न आहे. ज्या देशात कायमचं राहायचंय तिथली भाषा न शिकता जायचं आणि वर ते लोक मिसळून घेत नाहीत म्हणायचं, हा उद्धटपणा नाही का? आपल्याकडे येऊन वर्षानुवर्षं मराठी न शिकणाऱ्यांबद्दल इथेच शंभर धागे आहेत. तिथे आपण वाघ, आणि बाहेर गेलो की 'इंग्रजीवर चालतं'?

जुनाजाणता
आला, आला, तो मुद्दा आला. मी वाटच बघत होतो.

तळ्यातमळ्यात
दोन्हीत फरक आहे. मला कंपनीने इंग्रजी बोलणारा म्हणूनच बोलावलंय.

अडीचघर
पॉपकॉर्न आणतो, थांबा.

संपादकमंडळ
मराठी न शिकणाऱ्यांबद्दलचे पुढचे सात प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे मूळ विषयावर बोला.

पाटीवरचाखडू
हलवा, पण मुद्दा मूळ विषयाचाच होता.

टेबलापलीकडे
मी नोकरी देणाऱ्यांच्या बाजूला बसतो, स्टुटगार्टच्या जवळ, मध्यम आकाराची कंपनी, मशीन बनवणारी. टीम लीड आहे आणि इंटरव्ह्यू घेतो, त्यामुळे आतून कसं दिसतं ते सांगतो.

जाहिरात कुठल्या भाषेत आहे ते आधी बघा. इंग्रजीत असेल तर टीम इंग्रजीत चालते, अर्ज बिनधास्त टाका. जाहिरात जर्मनमध्ये आणि खाली 'उत्तम इंग्रजीही हवं' असेल तर समजा की रोजचं काम जर्मनमध्ये आहे. तिथे भाषा न येता अर्ज केला तर उत्तर नाही आलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. बर्लिनमध्ये पहिल्या प्रकारच्या कंपन्या बऱ्याच, म्युनिकमध्येही आहेत, आमच्या बाजूला कमी. पण खरा रोजगार आमच्यासारख्या कंपन्यांमध्ये पसरलेला आहे, ज्यांची नावं बाहेर कुणाला माहीत नसतात.

आता मी इंटरव्ह्यूत काय बघतो. जावा येतं का ते तासाभरात कळतं. त्यानंतर माझ्या डोक्यात एकच प्रश्न असतो, हा माणूस कुणाकुणाशी बोलणार? आमचं सॉफ्टवेअर फॅक्टरीतले लोक वापरतात. मशीन चालवणारा पंचावन्न वर्षांचा माणूस त्याची तक्रार इंग्रजीत सांगणार नाही आणि त्याने का सांगावी. मग होतं काय, भाषा न येणाऱ्या डेव्हलपरला कामं भाषांतर होऊन मिळतात, तिकीट स्वच्छ इंग्रजीत लिहिलेलं. तो सुंदर कोड लिहितो. पण वापरणाऱ्याशी त्याची कधी गाठ पडत नाही, तक्रारीमागची तक्रार त्याला कळत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी लीडची जागा निघते तेव्हा मी ज्याला फॅक्टरीत पाठवू शकतो त्याचं नाव पुढे करतो, मग त्याचा कोड जरा कमी सुंदर का असेना. यात रंग-वंशाचं काही नाही (इतर ठिकाणी असेल, नाकारत नाही).

इंटरव्ह्यूत तुम्ही उलट विचारायला हव्यात अशा गोष्टी: टीमची मीटिंग कुठल्या भाषेत, डॉक्युमेंटेशन कुठल्या भाषेत, ग्राहक कोण, कंपनी कामाच्या वेळात क्लास देते का. शेवटच्या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्या कंपन्या आहेत आणि ते करारात लिहून घ्या. पहिले सहा महिने प्रोबेशन असतं, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर दोन्हीकडून संपवता येतं, तेवढं ध्यानात ठेवून मुलीची शाळा वगैरे ठरवा.

आणि एक, जे कुणी बोललं नाही. पहिली नोकरी इंग्रजीवर मिळते. दुसरी मिळेलच असं नाही. चांगल्या दिवसांत कंपन्या इंग्रजीवाल्यांना घेतात, हात आखडता घेतला की त्याच जागा आधी आटतात. ब्लू कार्ड नवीन असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण तीन महिने हातात असतात, तेवढ्यात फक्त इंग्रजीवाल्या जागांवर अवलंबून राहणं म्हणजे जीव टांगणीला.

चष्मेबहाद्दर
टेबलापलीकडे +१००. मी उद्या लिहितो म्हटलं होतं ते सगळं यांनीच लिहिलं, माझी सुटका झाली.

फक्त नागरिकत्वाचं जोडतो, कारण 'बस्तान' विचारलंय. जून २०२४ पासून आठऐवजी पाच वर्षांनी अर्ज करता येतो आणि त्याला बी१ लागतं. तीन वर्षांची एक झटपट सोय होती ती २०२५ मध्ये काढून टाकली. जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व देते पण भारत देत नाही, त्यामुळे आपल्याला इथला पासपोर्ट घेतला की भारताचा सोडावा लागतो, मग ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) घेता येतं. तो वेगळा धागा होईल.

तिसराकोपरा
माझ्या नवऱ्याने जर्मनमध्ये एकच वाक्य घोटून घोटून पाठ केलं, 'माफ करा, मला जर्मन फारसं येत नाही'. उच्चार इतका अस्सल, की ऑफिसातली बाई म्हणाली, अहो किती छान बोलता, आणि दुप्पट वेगाने सुरू झाली.

कागदीहोडी
हाहा. त्यांना म्हणावं उच्चार थोडा बिघडवा.

बरं, मगाशी रात्रपाळीत होते म्हणून राहिलं. मंडळी, तुम्ही सगळे खिडकीसीट यांच्या नोकरीवर चर्चा करताय. तिचं काहीतरी जमेलच. नवरा फिजिओथेरपिस्ट आहे हे वाचलंत का कुणी?

खिडकीसीट, खरा प्रश्न तो आहे. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला यायला जर्मनची परीक्षा लागत नाही आणि आल्यावर कुठलंही काम करायची मुभा असते, हे ऐकून लोक खूश होतात. पण फिजिओथेरपी इथे नियमन केलेला व्यवसाय आहे. परवाना मिळाल्याशिवाय फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करता येत नाही. परवान्यासाठी डिग्रीची तुलना होते, बहुतेकांना काही ना काही कमी निघते, मग एकतर ठरावीक काळ हाताखाली काम करून ती भरून काढायची किंवा परीक्षा द्यायची, दोन्ही जर्मनमध्ये. आणि भाषा बी२. आमच्या हॉस्पिटलमध्ये अशी एक मुलगी आहे, तिचं सगळं व्हायला दोन वर्षांच्या वर गेली, आणि ती येतानाच बी१ करून आली होती. फिजिओंची इथे टंचाई आहे, परवाना हातात आला की नोकरीची चिंता नाही. पण तोवर तो घरी बसणार, मुलीला सोडणार-आणणार, आणि रेघ यांनी लिहिलेली सगळी पत्रं त्याच्या अंगावर. चांगला प्रॅक्टिस करणारा माणूस असा रिकामा बसला की घरात काय होतं ते मी पाहिलंय.

तेव्हा नोकरी सोडून जर्मन कुणी शिकायचं असेल तर त्याने. तुम्ही नाही.

रेघ
कागदीहोडी, तुमच्या लेखणीला... म्हणजे कीबोर्डला सलाम. मी एवढं लांबलचक लिहिलं आणि हे सुटलंच माझ्या हातून.

जुनाजाणता
खरंय. माझी बायको शिक्षिका होती. बी२ करूनही शाळेत शिकवायला लागली नाही, आता एका ट्रॅव्हल कंपनीत आहे. तिला विचारलं तर ती तुमच्याच बाजूने मत देईल.

खिडकीसीट
सगळ्यांचे मनापासून आभार. कागदीहोडी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. तो दोन मिनिटं काही बोलला नाही आणि मग म्हणाला, 'मला कुणी विचारलंच नव्हतं.' ते खरंच आहे, आम्ही दोघं इतके दिवस माझ्याच पॅकेजबद्दल बोलत होतो.

तो नोकरी लगेच सोडणार नाही, पण सकाळचे पेशंट कमी करून क्लास लावतोय. मी संध्याकाळी त्याच्यासोबत जमेल तेवढं. अर्ज आहे तिथूनच टाकते, शांसेनकार्टे बाद. आता कुणी सांगेल का, शून्यापासून बी२ ला खरंच किती लागतं? एका क्लासवाल्याने सहा महिन्यांत बी२ असं छापलंय.

चष्मेबहाद्दर
सहा महिन्यांत बी२ होतं, दिवसभर दुसरं काहीही न करता. गोएथे इन्स्टिट्यूटचाच अंदाज बघा, बी१ पर्यंत पोचायला ३५० ते ६५० तासिका. इथे सरकारी इंटिग्रेशन कोर्स असतो तो बी१ साठी ६०० तासिका भाषेच्या आणि १०० देशाच्या ओळखीच्या. त्यात बी२ नाही. नोकरी सांभाळून रोज दीड-दोन तास दिले तर बी२ ला दीड वर्ष धरा, लवकर झालं तर आनंद.

तळ्यातमळ्यात
क्लासपेक्षा ॲप आणि पॉडकास्ट बरे. क्लासमध्ये अर्धा वेळ बाकीच्यांच्या चुका ऐकण्यात जातो.

कागदीहोडी
फिजिओला पेशंटशी बोलायचंय, ॲपशी नाही. बाकीच्यांच्या चुका ऐकायची सवय उपयोगीच पडेल, पेशंट व्याकरण पाळत नाहीत. ए२ झाल्यावर शरीराचे अवयव, हालचाली, दुखण्याचे प्रकार यांची शब्दसूची वेगळी सुरू करायला सांगा. आणि परवाना कुठल्या राज्यात काढायचा ते तुमची नोकरी कुठे लागते त्यावर ठरेल, कारण हे खातं राज्यांकडे आहे आणि प्रत्येकाची कागदपत्रांची यादी वेगळी. अभ्यासक्रमाचे तासवार तपशील कॉलेजकडून आत्ताच मागून ठेवा. त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

पाटीवरचाखडू
आणि महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, त्यात आरोग्यसेवेतले लोकही आहेत आणि भाषेचं प्रशिक्षणही. त्याची सध्या काय स्थिती आहे ते चौकशी करून बघा.

मधलीसुट्टी
मुलीचं काय पण? शाळेत एकदम जर्मनमध्ये टाकायचं का? मला माझ्या मुलाची हीच काळजी आहे.

रेघ
पाचव्या वर्षी आली तर आधी किंडरगार्टन मिळवा, जागा मिळणं कठीण असतं, पण मिळालं तर शाळा सुरू व्हायच्या आत मूल बोलायला लागतं. सुरुवातीला माझी लेक काही महिने तिथे गप्पच असायची, शिक्षिकांनी मला बोलावून सांगितलं काळजी करू नका, ती ऐकतेय. मग एक दिवस घरी भावल्यांना जर्मनमध्ये रागावताना सापडली. मोठ्या मुलांसाठी बऱ्याच ठिकाणी भाषेचे वेगळे तयारी-वर्ग असतात. पालकसभा मात्र जर्मनमध्येच असते, दोन तास, आणि शेवटी कुणीतरी पालक प्रतिनिधी व्हा म्हणतात तेव्हा नजर चुकवायला भाषा लागत नाही.

जुनाजाणता
पालकसभेला मी जातो. काही कळत नाही म्हणून शांत बसतो, सगळे म्हणतात किती समंजस वडील.

अडीचघर
जुनाजाणता, तुम्ही या धाग्याचे ब्रँड ॲम्बेसेडर आहात.

मधलीसुट्टी
अजून एक आणि मग गप्प बसते. ड्रायव्हिंग लायसन्स? भारतातलं चालतं का?

चष्मेबहाद्दर
राहायला आल्यापासून सहा महिने. मग इथलं काढावं लागतं, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही. थिअरीची परीक्षा इंग्रजीत देता येते. प्रॅक्टिकलला परीक्षक मागे बसून जर्मनमध्ये सूचना देतो.

अडीचघर
मग डावं-उजवं तरी शिकून या बाबांनो. बाकीचं जुनाजाणतांच्या वहिनींना विचारू.